छत्रीच्या पिशवीतला त्रिशूळ

इकडे सरक बरं जरा. पुण्यात बसली असशील तर तिथूनच सरक, पण कान माझ्याकडे दे. परवा फोनवर मला केवढं बोललीस! "आजी, तुला काही समजतं का, या वयात डोंगर चढायला कोणी जातं का?" मी ऐकून घेतलं. पंधरा दिवसांतून एकदा तुझा आवाज ऐकायला मिळतो, तो भांडणात काहून घालवायचा? पण रागवायला फोन करतेस आणि विचारायला करत नाहीस, ही काही चांगली रीत नाही, बेटा. तुझ्या बाबानं तुला सांगितलं ते अर्धंच आहे, कारण मी त्याला अर्धंच सांगितलं. आता पूर्ण ऐक. आणि आधीच सांगून ठेवते, मी गेले होते ते तुझ्याच कामाला.

तू सातव्या महिन्यात झालीस हे तुला माहीत आहे. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती तुला, आणि आम्हाला फक्त खिडकीतून बघायची परवानगी. एवढीशी, दोन्ही मुठी आवळलेल्या, जणू कोणाशी भांडायलाच आली आहेस. मी काचेला नाक लावून महादेवाला म्हटलं, "पोरगी घरी येऊ दे, मी चौरागडावर माझ्या हातानं त्रिशूळ आणून देते." चौरागड म्हणजे पचमढीतला तो उंच डोंगर. माथ्यावर महादेवाचं देऊळ, जायला हजाराच्या वर पायऱ्या. ज्याचा नवस पुरा होतो तो खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतो आणि वर वाहून येतो. इतके त्रिशूळ आहेत म्हणे तिथं, की लोखंडाचं रानच उगवलेलं दिसतं.

तू घरी आलीस. दूध प्यायलीस, रांगलीस, शाळेत गेलीस, इंजिनियर झालीस. त्रिशूळ राहून गेला. कधी तुझ्या आजोबांचं ऑपरेशन, कधी कोणाचं लग्न, मग तो कोरोना. दर शिवरात्रीला मी हात जोडून म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की. महादेव कधी काही बोलला नाही. गुडघे मात्र बोलायला लागले. या दिवाळीनंतर घरचा जिना उतरताना मी दोनदा थांबले आणि तिथंच कठडा धरून ठरवलं, याच हिवाळ्यात.

खरी अडचण गुडघ्यांची नव्हती बरं का, माझ्या तोंडाची होती. भिशीच्या बायकांमध्ये मी छातीठोकपणे सांगून आले होते की मी चौरागड चढणार. तुलाही सांगितलं होतं की रोज सकाळी तासभर फिरते. फिरते, नाही असं नाही. मैदानापर्यंत जाते. मग तिथल्या बाकावर बसते. तो बाक मी तुला कधी सांगितला नव्हता.

सोबत कोण? तुझी घमापुरातली धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाली, पण पृथ्वी गोल आहे हे तिनंच शोधून काढलं अशा थाटात अजून बोलते. तिनं घमापुरच्या लोहाराकडून त्रिशूळ बनवून आणला, दीड हाताचा, छान वजनदार. पण घरातून न्यायचा कसा? तुझ्या बाबाला समजलं असतं तर त्यानं तिकीटच काढलं नसतं. मग आजोबांच्या जुन्या लांब छत्रीची पिशवी सापडली. त्रिशूळ आत गेला, वरची तीन टोकं तेवढी बाहेर. त्यावर जावेनं कानटोपी घातली. माझीच कानटोपी.

तुझ्या बाबानं मोबाइलवरून सगळं ठरवून दिलं होतं. जबलपूरहून पिपरियापर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी, पचमढीत एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी चार तासांची प्रायव्हेट टूर. आम्हा दोघींसाठी एक जिप्सी, म्हणजे ती उघडी जीप, आणि ती चालवणारा गाइड. "आई, फक्त पॉइंट बघायचे. चढायचं नाही," असं तो स्टेशनवर म्हणाला. "नाही रे बापा," मी म्हटलं आणि छत्री पोटाशी धरली.

गाडीत समोरच्या बाईनं ते बघितलं. शहपुरा येईपर्यंत आमचा डबा उघडला होता, तिला दोन धपाटे दिले, मग ती मोकळी झाली. "दीदी, ये छाते को टोपी काहे पहनाई है?" जाऊ एकदम शाळेच्या आवाजात म्हणाली, "पहाड़ पर ठंड रहती है." बाईनं मान डोलावली आणि पुढे नरसिंगपूर जाईस्तोवर आमच्याकडे पाहिलं नाही.

आता इथं तुला एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आपलं जबलपूर सगळं हिंदी. मराठी फक्त घरात. म्हणून बाजारात मराठी आपली किती कामाची! दुकानात साडी आवडली तर हिंदीत म्हणायचं "ठीक ही है", आणि आपसात मराठीत म्हणायचं, "छान आहे गं, पण तोंड वाकडं ठेव." माझ्या सासूनं शिकवलं, मी जावेला शिकवलं. तू पाच वर्षांची असताना एकदा फुव्वारा बाजारातल्या साडीच्या दुकानात माझं बोलणं ऐकून दुकानदाराला सांगितलंस, "अंकल, आजी बोल रही हैं बहुत अच्छी है, पर मुँह टेढ़ा रखना है." त्या दुकानात मी चार वर्षं गेले नाही. पण तेवढं एक सोडलं तर आमची मराठी कधी कोणी पकडली नव्हती. समोर माणूस बसलेला असो, आम्ही दोघी निवांत त्याच्याबद्दल बोलून घेतो. अच्छा, तर हे ध्यानात ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलसमोर जिप्सी आली. गाइड पन्नाशीचा. हाफ स्वेटर, गळ्यात मफलर, केसांना गडद मेंदी, आणि मिशी. "नमस्ते माताजी, चलिए, आज आपको पूरी पचमढ़ी दिखाते हैं," असं म्हणून त्यानं मला हात दिला. मी आत बसल्या बसल्या जाऊ म्हणाली, "मिशी बघितली का, ताई? भिंत रंगवायचा ब्रश न धुता सुकवला की असा होतो."

"आणि पोट?" मी म्हटलं. "वळणावर आधी पोट येतं, मग तो येतो."

गाइड पुढे बसून सरळ रस्त्याकडे बघत होता. बिचारा, असं मला वाटलंसुद्धा.

पहिल्यांदा चर्च दाखवलं. जुनं, दगडी, रंगीत काचांचं. मग त्यानं लाल पत्र्याच्या छपरांचे ते जुने बंगले दाखवले. साहेब लोक उन्हाळा काढायला इथं यायचे, डोंगरात छावणी कशी वसली, सगळं सांगत होता. बोलायचा बरा. पण जाऊ मध्ये मध्ये त्याची परीक्षा घ्यायची. "भैया, ये पत्थर कौन सा है?" त्यानं म्हटलं, "बलुआ पत्थर, मैडम." जाऊ मला मराठीत म्हणाली, "बरोबर आहे, वालुकाश्मच. कोणीतरी शिकवलेलं दिसतंय." मी म्हटलं, "अगं, परीक्षा पुरे. मला टेकायला काहीतरी पाहिजे, गुडघा ठणकून राहिला." आणि हिंदीत मोठ्यानं म्हटलं, "बहुत सुंदर है भैया, हम तो घंटों खड़े रह सकते हैं!"

गाइड कुठंतरी गेला आणि चहाच्या टपरीवरून लाल प्लॅस्टिकचा स्टूल घेऊन आला. माझ्या मागे ठेवला.

"बघ," जाऊ म्हणाली, "चहावाल्याशी संधान आहे याचं. आता चहा गळ्यात मारेल." चहा काही आला नाही. निघताना स्टूल मात्र जिप्सीत आला.

मग पांडव गुंफा. खाली बगीचा, वर खडकात कोरलेल्या पाच गुंफा, मध्ये पायऱ्या. मी जावेला म्हटलं, "इथंच दम गेला तर चौरागडाला काय उरेल? पण नाही म्हटलं तर हा माणूस समजेल की म्हातारी थकली." गाइड वळून म्हणाला, "माताजी, ऊपर आज सफाई चल रही है. नीचे से पाँचों गुफाएँ एक साथ दिखती हैं, फोटो यहीं से अच्छी आती है." मी स्टुलावर बसले. तोच फोटो तुझ्या बाबाला गेला, आणि त्याच्याकडून तुला.

जटाशंकरला तर पायऱ्या खोल खाली घळीत उतरतात. मी वरूनच वाकून बघितलं आणि मागे सरकले. "उतरेन गं कशीतरी," मी पुटपुटले, "पण वर आणायला चार माणसं लागतील." लगेच गाइड, "आज नीचे बंदर बहुत बदमाशी कर रहे हैं, माताजी. कल एक मैडम का चश्मा ले गए. यहीं से हाथ जोड़ लीजिए, भोलेनाथ सब देखते हैं."

आता जावेचा पारा चढला. "ताई, हा कामचोर आहे. कुठंच नेऊन नाही राहिला. इथं सफाई, तिथं माकडं. टूर पूर्ण झाल्याचं सांगेल आणि घरी जाऊन झोपेल." मी म्हटलं, "जाऊ दे गं, मिशी वाळवायला जायचं असेल." दोघी पदर तोंडाला लावून हसलो. गाइडनंही आरशात बघून मफलर नीट केला. त्याचे खांदे हलले असं मला वाटलं, पण रस्ता खड्ड्यांचा होता.

शेवटचं ठिकाण बडे महादेव. गुंफेत थंडगार, छतातून पाणी टपटप गळतं, आत पिंड. दर्शन झालं. बाहेर आलो तर समोर चौरागडाची वाट. लोक परतून येत होते, कपाळाला भस्म, तोंडं लाल. मी छत्रीची पिशवी उचलली. गाइड म्हणाला, "माताजी, छाता गाड़ी में छोड़ दीजिए. आज बादल नहीं हैं."

"नहीं भैया, हम ऊपर जाएँगे," मी म्हटलं. "थोड़ा सा ही तो है."

त्यानं वर डोंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चलिए," म्हणाला, आणि एका हातात स्टूल घेऊन मागे निघाला.

मी पायऱ्या मोजत होते. वीसपर्यंत बरं चाललं. पंचविसाव्या पायरीला त्रिशूळ जड झाला. तिसाव्याला श्वास शिट्टी वाजवायला लागला. चाळिसाव्या पायरीवर गुडघा असा काही मुडपला की मी कठड्याला लटकलेच. वर बघितलं तर पायऱ्याच पायऱ्या, आणि त्यांच्यावर आभाळ. तेव्हा मला समजलं की हे होणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. तुझ्यासाठी बोललेला शब्द असा चाळिसाव्या पायरीवर बसून राहणार. आणि बेटा, खरं सांगते, त्याहून जास्त लाज वाटली ती परत उतरायची.

मी जावेला मराठीत म्हटलं, "अगं, माझ्यानं होत नाही. पण मी म्हणणार नाही. तू म्हण की तुला चक्कर आली."

"मी काहून म्हणू?" जाऊ तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मागे भेडाघाटला नावेत बसायची भीती तुम्हाला वाटली आणि नाव माझं सांगितलं. सगळ्या भिशीत मी भित्री झाले."

"ते जाऊ दे, आता म्हण ना!"

"नाही म्हणणार. मी ठणठणीत आहे."

"मोठ्या जावेचं एवढंही ऐकत नाहीस?"

तेव्हा मागून आवाज आला. शांतपणे, वरूड-पांढुर्ण्याकडच्या मराठीत.

"मावशी, चक्कर मलेच आली म्हणा ना. मी बसतो इथं. मंग तुमाले बी बसाच लागन."

आणि तो खरंच पायरीवर बसला, डोक्याला हात लावून. स्टूल माझ्याकडे सरकवला.

बेटा, त्या क्षणी डोंगरानं फाटून मला आत घेतलं असतं तर बरं झालं असतं. जाऊ आधी पांढरी पडली, मग तिचे कान लाल झाले. मी सकाळपासूनचं एक एक आठवू लागले. मिशी. पोट. ब्रश. कामचोर. परत मिशी.

"तुम्हाला मराठी येते?" जावेनं विचारलं. एवढ्या बारीक आवाजात ती मुख्याध्यापकांशीही कधी बोलली नसेल.

"माझी माय पांढुर्ण्याची जी. घरात मराठीच. शिवरात्रीच्या मेळ्यात तिकडचे लोक आमच्या अंगणातच उतरतात."

"मग सांगायचं नाही का, भाऊ?" मी म्हटलं. चोर तो चोर, वर मीच रागावले.

"सांगणारच होतो ना, मावशी, बसल्या बसल्या. पण तोवर तुमी मिशीवर आल्या. मंग कसा सांगू?"

आधी जाऊ हसली. मग मी. मग तोही, आणि त्याची ती मिशी अशी हलायला लागली की आम्हाला परत हसू. येणारे जाणारे बघून राहिले होते, की ही तीन माणसं देवाच्या वाटेवर कशाला खिदळत आहेत. सफाईही नव्हती आणि माकडंही नव्हती, हे तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. सकाळपासून तो माझा गुडघा ऐकत होता.

"अन् ही छत्री," तो म्हणाला, "मले हॉटेलापाशीच समजली. तीन काड्यांची छत्री कुठं असते का?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. काचेची पेटी, तुझ्या मुठी, माझा शब्द. तो म्हणाला, "द्या, मी नेऊन देतो वर. अर्ध्या दिवसाचं काम." मी नाही म्हटलं. माझ्या हातानं देईन म्हटलं होतं, दुसऱ्याच्या हातानं कसा देऊ? जाऊ म्हणाली, "मी नेते, मी तर घरचीच." पण तिचाही श्वास तिला साथ देत नव्हता, हे तिघांनाही ऐकू येत होतं. मी कानटोपी काढली आणि त्रिशूळ मांडीवर घेऊन बसले.

गाइडनं विचारलं, "नवस ज्या पोरीसाठी बोलल्या, ती कुठं आहे?"

"पुण्यात. कॉम्प्युटरवर."

"पाय धड आहेत ना तिचे?"

"पाय? हरणासारखे आहेत. यायला तेवढे वळत नाहीत."

तर तो म्हणाला, "माझी माय सांगायची, बोलणाऱ्याचे पाय थकले तर ज्याच्यासाठी बोललं त्यानं न्यावं. बोलणाऱ्यानं पायथ्याशी बसून वर बघत राहावं. तेही देवाले पोचते. मेळ्यात कितीक म्हाताऱ्या आमच्या अंगणात त्रिशूळ ठेवून जात, अन् पुढच्या साली नातवंडं येऊन वर नेत."

मी त्याच्याकडे निरखून बघितलं. "हे खरं आहे, की आत्ता माझ्यासाठी जुळवलंत? सफाईसारखं?"

"मिशीची शपथ, मावशी."

आता हे खरं की खोटं, मला अजून माहीत नाही. जाऊ म्हणते, शंभर टक्के खोटं, पण चांगलं खोटं. मी म्हणते, ज्या महादेवानं इतकी वर्षं माझं "पुढच्या वर्षी" ऐकून घेतलं, तो एवढंही ऐकून घेईल.

चाळीस पायऱ्या उतरायला आम्हाला चढण्याहून जास्त वेळ लागला. टूरचे चार तास कधीच संपले होते. त्यानं घड्याळाकडे बघितलंही नाही, आम्हाला आपल्या घरी घेऊन गेला. बाजाराच्या मागे दोन खोल्या, समोर सारवलेलं अंगण. त्याची माय आता नाही, पण तिचं तुळशीवृंदावन आहे. त्याच्या बायकोनं ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. जाऊ जेवताना म्हणाली, "ठेचा फार छान झाला आहे," आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड वाकडं न करता म्हणाली. निघताना मी त्रिशूळ तुळशीजवळच्या कोपऱ्यात उभा केला. हळदकुंकू लावलं आणि म्हटलं, थांब इथं, पोरगी येईपर्यंत.

तो तिथं उभा आहे. गाइड दर सोमवारी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, त्रिशुळावर झेंडूचं फूल ठेवून. मागच्या फोटोत त्यानं मिशी बारीक केलेली दिसली. मला वाईट वाटलं. मी लिहून पाठवलं की पहिलीच बरी होती. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

तर असं आहे. भिशीत मी खरं ते सांगून टाकलं, बाकासकट. बायका हसल्या, आणि मग एक एक जण आपापला गुडघा सांगायला लागली, तो विषय अजून संपलेला नाही. तुझ्या बाबालाही आज सांगते. तू आधी कळवू नकोस, मला सांगू दे.

तू फक्त ये. शिवरात्रीच्या गर्दीआधी ये, तेव्हा वाट मोकळी असते. पट्ट्यांच्या त्या चपला नको, चांगले बूट आण. कानटोपी आणू नकोस, त्रिशुळाची आहे ती घाल. तू वर जाशील आणि मी खाली लाल स्टुलावर बसून बघत राहीन, तू ठिपक्याएवढी होईस्तोवर. वर पोचलीस की हात हलव. मला दिसणार नाही, पण जाऊ म्हणेल की दिसला, आणि मी तिचं ऐकेन. सुट्टी कधी मिळते ते आजच विचार, आणि ये बाई लवकर.